हर्णै बंदराजवळ घर घेऊन स्वतः रांधायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा मोठी माणसं आणि दोन मुलं, त्यांतली आई मासे खात नाही. दापोलीजवळ हर्णै-आंजर्ले भागात चार रात्रींसाठी स्वयंपाकघरासकट अख्खं घर घ्यायचं, बंदरावरून मासे आणायचे आणि आपलं आपण करून खायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा चालेल का, घर ठरवताना काय विचारायचं, मासे कसे घ्यायचे, आणि हे सगळं हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का?

मी याच भागात गेली १४ वर्षं अशी दोन घरं देते. एक सासऱ्यांचं जुनं, जांभ्याचं. दुसरं आम्ही मागाहून बांधलेलं. फोनवर बोलणी सुरू झाली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वयंपाक कोण करणार? पलीकडून पुरुषाच्या आवाजात "बायको आहे ना" किंवा "आई करेल, तिला हौस आहे" असं आलं, की मी सरळ सांगते, जेवणासकट मिळणारी घरगुती सोय बघा, गावात पुष्कळ आहेत. आठ जणांचं दोन वेळचं माशाचं जेवण म्हणजे काय ते पहिल्याच दुपारी कळतं. एकटी बाई ओट्यापाशी घामाघूम, बाकीचे पडवीतल्या झोपाळ्यावर, आणि तिसऱ्या दिवशी घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. असे किती संसार मी खिडकीतून पाहिलेत! तेव्हा बंदरावर कोण जाणार, तळणार कोण, ओटा कोण पुसणार, हे पुण्यातच ठरवून निघा. धुण्याभांड्याला गावात बाई मिळते, पण आधी सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी नाही, आणि ३१ डिसेंबरला तर नाहीच.

स्वस्ताचं उत्तर माणसं मोजली की मिळतं. भाडं घराचं असतं, डोक्यावर नसतं. दोघंच आलात तर घर महाग पडतं, थाळी खाऊन खोलीत राहिलेलं बरं. तुम्ही आठ जण आहात, तुम्हाला परवडेल. फक्त एक हिशेब लोक विसरतात: चार रात्रींसाठी तेल, तांदूळ, मसाले, चहा-साखर, सगळं नव्याने विकत घेतलं तर वाचलेले पैसे तिथेच जातात. घरातूनच डबे भरून आणा. तिखट-मसाला तर आपलाच हवा. नारळ, आमसुलं, तांदूळ इथे घ्या, चांगले मिळतात.

आता तारखा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मी माझ्या भावाला सुचवणार नाही. भाडं वाढलेलं असतं, आंजर्ल्याच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या की अर्धा तास जातो, आणि बंदरावर सगळं मुंबई-पुणं उतरलेलं असल्यामुळे पापलेट-सुरमईचे भाव ऐकून तुम्ही अंडी आणाल. जानेवारीचा मधला आठवडा, तोही सोमवार ते शुक्रवार, याला तोड नाही. हवा थंड, समुद्र शांत. संकष्टी-एकादशीला आणि आठवड्यातल्या शाकाहारी वारांना मासळीचा भावही जरा नरमतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खायचे वार. मुलांच्या शाळेमुळे जानेवारी जमत नसेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचे दिवस बघा. तेव्हा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. या संवर्धनाची सुरुवात इथून वरच्या अंगाला असलेल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केली. पिल्लं कोणत्या दिवशी निघतील हे मात्र कोणाच्या हातात नसतं, त्यामुळे मुलांना आधीपासून वचन देऊ नका.

एकच काळ पक्का टाळायचा: १ जून ते ३१ जुलै. राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी तेव्हा बंद असते. गाव हिरवंगार दिसतं, भाडं निम्म्यावर येतं, आणि लोक फोटो बघून बुकिंग करतात. मग बंदरावर जाऊन बघतात तर किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या होड्या. त्या दिवसांत आम्हीसुद्धा सुकट, सोडे आणि सुक्या बोंबलांवर असतो. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे मिळाले तर चैन. तुम्हाला ते आवडत असेल तर जरूर या. ताज्या सुरमईसाठी येऊ नका.

घर ठरवताना सगळे विचारतात, "समुद्र दिसतो का?" समुद्र दोन मिनिटं चाललं की दिसतो. तुम्ही विचारा, पिण्याचं पाणी कुठलं. किनाऱ्याला लागून असलेल्या बऱ्याच विहिरींना मार्च-एप्रिलपर्यंत मचूळ पाणी येतं. आमच्या दुसऱ्या घराच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी पहिल्या रात्री त्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या, दहा झाल्या, डाळ दाण्याला दाणा. मी धावत गेले, झाकण उघडून बघितलं आणि काय झालं ते एका घोटात कळलं. घरची आमटी नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवसापासून वरच्या आळीतल्या विहिरीचं पाणी कळशीने भरून ठेवायला लागले. आता नळ आहे, पण तोही रोज येईलच असं नाही. म्हणून टाकी केवढी, पाणी किती वेळ येतं आणि पिण्याचं वेगळं आहे का, हे तिन्ही स्पष्ट विचारा. ज्याला उत्तर माहीत नाही तो मालक त्या घरात राहत नाही, आणि तुम्ही अडलात तर येणारही नाही.

दुसरा प्रश्न: मासे साफ कुठे करायचे? मागच्या दारी नळ आणि मोरी असलेलं घर मिळालं तर निम्मी चिंता मिटली. ते नसेल तर खवले सिंकमध्ये जातात, पाइप तुंबतो, आणि घरभर जो वास बसतो तो उदबत्तीने निघत नाही. माझ्याकडे मागे दगडी धोंडी आहे, तिच्याशेजारी विळी. कल्ले-आतडी माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरायची. आमच्या त्या दोन माडांना लागतात तसे नारळ बाकीच्या वाडीत कुठे लागत नाहीत. खड्डा हातभर खोल हवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात आणि सकाळी सगळं अंगणात.

बाकी विचारायचं ते पटापट सांगते. आठ जणांना पुरेल असा तवा आणि दोन मोठे टोप आहेत का (फोटोत नेहमी चारच कप दिसतात). नारळ खवायची विळी आहे का. मिक्सर चालतो का आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तो लावायचा नाही हे कोणी सांगितलंय का. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं आहे का. फ्रीजमध्ये बर्फ होतो का. सुरी आपली आणा. भाड्याच्या घरातल्या सुरीला धार असल्याचं मी माझ्या घरातही खात्रीने सांगणार नाही.

आणि फोटो या वर्षीचे मागा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या वाड्या झोपवल्या, कौलं उडवली. अनेकांनी नंतर पत्रे घातले, आम्हीही एका पडवीवर घातले. नेटवर मात्र काही ठिकाणी अजून जुनी कौलं आणि गर्द पोफळी दिसतात. जानेवारीत पत्र्याने बिघडत नाही. एप्रिलमध्ये दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. आगाऊ पैसे पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवायला सांगा. ज्याचं घर खरं आहे तो दोन मिनिटांत दाखवतो.

पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-मंडणगड असे आलात तर मधल्या थांब्यांसह पाच-सहा तास धरा. उजेडी पोचा. पहिल्या रात्री मासे करायचा हट्ट नको, खिचडी टाका.

आता बंदर. हर्णैला मोठ्या नौका थेट काठाला लागत नाहीत. खोल पाण्यात नांगरून राहतात आणि माल छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर येतो. पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले बैल बघून मुलं मासे विसरतील. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांमधला हा एक. लिलाव सकाळी आणि संध्याकाळी असे दोन वेळा होतात. सकाळी साडेसात-आठला आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला तिथे असलेलं बरं. मी संध्याकाळचा सांगते. सकाळी घेतलेल्या माशाचं ऊन चढायच्या आत काहीतरी करावं लागतं आणि तुमची सुट्टीतली सकाळ त्यातच जाते. संध्याकाळी आणलेला मासा थेट रात्रीच्या जेवणात.

जाताना जुन्या चपला घाला, पायाखाली पाणी, बर्फ आणि खवले असतात. रोख पैसे, तेही सुटे, आणि घरून दोन घट्ट झाकणाचे डबे न्या. लिलावात तुम्ही उतरायचं नाही. तिथे टोपल्याच्या टोपल्या व्यापाऱ्यांना जातात, बोली बोटांवर आणि भुवयांवर चालते, मध्ये उभं राहिलात तर धक्का बसेल. जरा बाजूला या. तिथे लिलावातला माल फोडून बायका वाटे लावून बसलेल्या असतात. आधी एक फेरी मारा, काहीही न विचारता. नुसतं बघा, आज सगळ्यांकडे काय आहे. जे सगळ्यांकडे आहे ते ताजं आणि स्वस्त. ज्याच्यासाठी तुम्ही पुण्याहून आलात ते नेमकं एकाच बाईकडे असेल, तर त्याचा भाव ती ठरवणार, तुम्ही नाही. "पापलेटच हवं" म्हणून आलेला माणूस बंदरावर लांबून ओळखू येतो.

ताजेपणाचं म्हणाल तर कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. तपकिरी झाला की पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला की ताठ राहतो, शेपटी लोंबली तर शिळा. पापलेटला कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबतात. पांढरा चिक आला तर घ्यायचं, लालसर पाणी आलं तर ठेवून द्यायचं. हे करताना विचारून करा. एकदा माझ्यासमोर एका पाहुण्याने ओळीने सात पापलेटं दाबली. आठव्याला मावशीने त्याचा हात धरला, "घेणार हायस का नुसतं चेपणार?" माणूस चांगला होता, सगळा वाटा घेऊन आला. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या. खेकडा हातात जड लागला पाहिजे. कोळणी म्हणतात अमावस्येचा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ. मी वजनावर जाते. "आजचा की बर्फातला?" हे विचारायला लाजू नका. लांब गेलेल्या ट्रॉलरचा माल काही दिवस बर्फात असतो. तो वाईट नसतो, पण त्याला आजच्याचा भाव द्यायचं कारण नाही.

तळहातात मावेल एवढं लहान पापलेट मात्र कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका. २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्य मासा केलं, आणि तेवढ्यातच ते बंदरावर दिसेनासं होत चाललंय. अंडी घालायच्या आत पकडलेला मासा विकत घेणारे आपणच असतो.

किती घ्यायचं? कोळंबी सोलल्यावर निम्मीच उरते, म्हणून वाटा मोठा दिसला तरी फसू नका. मासे खाणाऱ्या पाच मोठ्यांना आणि दोन मुलांना एका वेळी दोन वाणं पुरतात: एक तळायचं, एक कालवणाचं. तिसरं घेतलं की ते फ्रीजमध्ये जातं आणि परत जायच्या दिवशी सापडतं. बोंबील घेतलेत तर त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मधोमध चिरून, फडक्यात गुंडाळून, पाट्याखाली तासभर दाबून ठेवले की पाणी निघून जातं आणि तव्यावर तुटत नाहीत.

साफ करून देणाऱ्या बायका तिथेच बसतात, थोडे पैसे घेतात. त्यांना द्याच. पण "कालवणाला की तळायला" हे तुम्ही सांगा, नाहीतर सुरमईच्या तुकड्या पुस्तकाएवढ्या जाड येतात आणि आत कच्च्या राहतात. घरी आणल्यावर पुन्हा एकदा धुऊन, हळद-मीठ लावून ठेवा. कालवणाला इकडे कोळ्यांच्या घरी वाटण-घाटण फार नसतं. तेलात ठेचलेला लसूण, हळद, मसाला, चिंचेचा कोळ, पाणी; खळखळून उकळी आली की मासे सोडायचे आणि नंतर डाव घालायचा नाही, टोप दोन्ही हातांनी धरून हलवायचा. बांगड्याला सात-आठ मिनिटं पुष्कळ झाली. शहरातली माणसं मासा शिजवत नाहीत, उकडून काढतात.

आईंचं. मासे न खाणाऱ्या माणसाला अशा घरात दोन गोष्टींचा त्रास होतो, भांडी आणि वास. आईंसाठी घरून एक छोटा कुकर, तवा आणि ताट-वाटी वेगळी आणा. मालकाला "शाकाहारी भांडी वेगळी आहेत का" विचारलंत तर तो हो म्हणेल, पण तोच तवा मागच्या आठवड्यात कशाला वापरला गेला ते त्यालाही माहीत नसतं. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून नको, ओटीकडची घ्या. आणि चारांतलं निदान एक जेवण बाहेरून सांगा, सगळ्यांचंच शाकाहारी. आमच्या शेजारच्या काकू वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, घावने आणि सोलकढी करून देतात. तशी एखादी काकू प्रत्येक आळीत असते, मालकाला विचारा. त्या दिवशी ओट्यापाशी कोणीच उभं राहत नाही, आणि तोच दिवस लोकांच्या लक्षात राहतो असं मला दिसलंय.

पोहायला हर्णैची वाळू नको, ते बंदर आहे. आंजर्ले, मुरूड, कर्दे जवळच आहेत. जीवरक्षक असेल असं धरून चालू नका. पाणी ओढत असतं तेव्हा, म्हणजे ओहोटीला, मुलांना घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नका. भरतीची वेळ मोबाइलवर दिसते, पण आमच्याकडे ती पंचांगावरून काढतात: तिथीचा पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून साधारण तीनला भरती. अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराला, त्यामुळे संध्याकाळी सहाला ओहोटी आणि क्रिकेटला हवी तेवढी वाळू. त्याच दिवसांत उधाणही असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. वाळूवर गाडी नेणारे नेमके त्याच दिवशी अडकतात. ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत खारं पाणी दारापर्यंत आलेलं असतं. गाडी अंगणात ठेवा.

शेवटच्या सकाळी पुण्याला मासे न्यायचे असतील तर थर्माकोलची पेटी आधीच मिळवून ठेवा. मासा पोट साफ करून घ्या, पण तुकड्या करू नका, अख्खाच राहू द्या. खाली बर्फ, मध्ये मासा, वर बर्फ, असं गच्च भरा. पोकळी राहिली तर बर्फ लवकर वितळतो. झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी लावा आणि पेटीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, ज्याच्या कडा वर वळवलेल्या असतील. आमच्या एका पाहुण्यांनी हे शेवटचं ऐकलं नव्हतं. ताम्हिणीच्या वळणांवर पेटी कलंडली आणि पाणी डिकीच्या गालिच्यात मुरलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले ते भाड्याच्या गाडीने.